एकुरी एकॉस : एडिंबरातल्या गल्लीतून जाऊन दोनदा ल माँ जिंकणारा संघ

धागाकर्ता : डांबरी रस्ता

फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या मोटारशर्यतीवर मराठीत गप्पा निघाल्या की त्या बहुतेक वेळा १९६६ च्या फोर्ड-फेरारी चुरशीपाशी जाऊन थांबतात. ती शर्यत थोरच, प्रश्न नाही. पण तिच्या बरोबर दहा वर्षं आधी स्कॉटलंडमधल्या एका खासगी संघाने जॅग्वारकडून विकत घेतलेल्या गाडीवर ल माँ जिंकली होती. पुढच्या वर्षी तर हा संघ पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक घेऊन घरी गेला. एकुरी एकॉस हे त्याचं नाव. मोटारशर्यतींच्या इतिहासातला माझा सर्वांत लाडका संघ हाच, म्हणून हा धागा.

संघ उभा केला डेव्हिड मरे याने, १९५१ च्या अखेरीस. मरे पेशाने अकाउंटंट, शिवाय एडिंबरात त्याचा दारूविक्रीचा व्यवसाय. १९५० आणि १९५१ मध्ये स्वतः मासेराटी चालवून तो ग्रां प्री शर्यतींतही उतरला होता. चालक म्हणून आपण फार पुढे जाणार नाही हे ओळखून त्याने संघ चालवायचं ठरवलं. सोबतीला विल्की विल्किन्सन हा इंग्रज मेकॅनिक. इंजिनातली खोट नुसत्या आवाजावरून सांगणारा माणूस अशी त्याची ख्याती होती. दोघांनी मर्चिस्टन म्यूज या एडिंबरातल्या आडगल्लीत गॅरेज थाटलं. म्यूज म्हणजे पूर्वी श्रीमंतांच्या घोडागाड्या जिथे ठेवत, तसल्या बोळातल्या बैठ्या इमारती. ल माँ जिंकणाऱ्या गाड्या तयार झाल्या त्या इथे.

पहिल्या हंगामात म्हणजे १९५२ मध्ये संघाकडे जॅग्वारच्या एक्सके १२० गाड्या होत्या, त्याही चालकांच्या स्वतःच्या. इयन स्टुअर्ट, बिल डॉब्सन आणि सर जेम्स स्कॉट डग्लस हे पहिले तिघे. तिघांच्या गाड्यांना एकच रंग दिला, स्कॉटलंडच्या झेंड्याच्या निळ्याशी नातं सांगणारा चकचकीत धातुनिळा. त्यावर सेंट अँड्र्यूचा तिरपा पांढरा क्रॉस असलेलं ढालीसारखं बोधचिन्ह. त्या काळी ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगात धावायच्या. मरेने जाणूनबुजून वेगळा रंग घेतला आणि स्कॉटलंडमधल्या लोकांना हा संघ लगेच आपला वाटू लागला.

मग आल्या सी-टाइप, जॅग्वारच्या खास शर्यतीच्या गाड्या. १९५३ च्या न्यूरबुर्गरिंगच्या १००० किलोमीटर शर्यतीत इयन स्टुअर्ट आणि रॉय साल्वाडोरी यांनी फेरारीच्या मागे दुसरा क्रमांक काढला. त्याच वर्षी जॅग्वारच्या कारखाना संघाने डिस्क ब्रेक लावलेल्या हलक्या सी-टाइप वापरून ल माँ जिंकली. हंगाम संपल्यावर कारखान्याला त्या गाड्यांचा उपयोग उरला नाही, तेव्हा मरेने त्या घेतल्या. ही पद्धत नीट लक्षात ठेवा, कारण संघाचा उदय आणि अस्त या दोन्हींचं मूळ त्यातच आहे. कारखाना पुढच्या मॉडेलकडे वळला की मागचं मॉडेल एडिंबराला यायचं. विल्की आणि त्याची माणसं ते पार सुटं करायची, प्रत्येक भाग तपासायची आणि पुन्हा जोडायची.

१९५५ हे वाईट वर्ष. न्यूरबुर्गरिंगला सरावातच जिमी स्टुअर्ट आणि डेस्मंड टिटरिंग्टन या दोघांना अपघात झाले. जिमीने त्यानंतर शर्यतीच सोडल्या. त्याच जूनमध्ये ल माँला तो भीषण अपघात झाला. मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ८० हून अधिक माणसं गेली. पिटसमोरचा (पिट म्हणजे शर्यतीत गाड्या इंधन-दुरुस्तीसाठी थांबतात ती जागा) भाग नव्याने बांधावा लागल्यामुळे १९५६ ची शर्यत जूनऐवजी जुलैच्या अखेरीस झाली.

आता १९५६. एकुरी एकॉसची एकच डी-टाइप, म्हणजे सी-टाइपनंतरची जॅग्वारची शर्यतगाडी, चासी (सांगाडा) क्रमांक एक्सकेडी ५०१, नोंदणी एमडब्ल्यूएस ३०१. चालक रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन. पहिला एडिंबराचा, दुसरा ग्लासगोचा मोटारविक्रेता. समोर जॅग्वारच्या कारखान्याच्या तीन लांब नाकाच्या डी-टाइप, स्टर्लिंग मॉस आणि पीटर कॉलिन्स यांची ॲस्टन मार्टिन, शिवाय फेरारी. दुसऱ्याच फेरीत ओल्या रस्त्यावर पॉल फ्रेअरची जॅग्वार घसरली. तिला चुकवताना जॅक फेअरमनची जॅग्वारही फिरली आणि द पोर्तागोची फेरारी तिच्यावर आदळली. कारखान्याच्या दोन गाड्या तिथेच संपल्या. तिसरी माइक हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब या चालकांची. तिच्या इंधन इंजेक्शनची नळी तडकली आणि तो दोष शोधण्यात कितीतरी फेऱ्या वाया गेल्या. शेवटी ती सहावी आली.

या घटनाक्रमामुळे लोक सरळ म्हणतात की एकुरी एकॉसला नशिबाने लॉटरी लागली. मला हे मुळीच मान्य नाही. कारखान्याच्या गाड्या बाद झाल्या तेव्हा शर्यतीचे जवळजवळ २४ तास शिल्लक होते, आणि ॲस्टन मार्टिन शाबूत होती. मॉस आणि कॉलिन्स ही त्या काळातली अव्वल जोडी. दिवसभर, रात्रभर, पावसात आणि कोरड्या रस्त्यावर दोन्ही गाड्यांची आघाडी आलटून पालटून होत राहिली. अखेरीला एकुरी एकॉसच्या ३०० फेऱ्या झाल्या, चार हजार किलोमीटरांहून थोडं जास्त अंतर, आणि ॲस्टन एका फेरीने मागे राहिली. चोवीस तासांत एका फेरीचा फरक म्हणजे साधारण चार-पाच मिनिटं. पिटमध्ये एक नट अडकला, एक चाक उशिरा बसलं, तरी तेवढा वेळ हातचा जातो. विल्कीच्या गाडीने तो जाऊ दिला नाही. कारखान्याच्या गाडीतलं नवं इंजेक्शन तडकलं आणि गल्लीतल्या गाडीचे वेबर कार्ब्युरेटर शेवटपर्यंत टिकले, ही गोष्ट नुसत्या नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही.

ज्यांना तरीही शंका आहे त्यांनी १९५७ पाहावं. १९५६ च्या ऑक्टोबरात जॅग्वारने शर्यतींतून अधिकृतपणे अंग काढून घेतलं. १९५७ च्या फेब्रुवारीत कोव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेन कारखान्याला मोठी आग लागली. म्हणजे पाठीशी उभा राहणारा कारखानाच अडचणीत. तरी त्या जूनमध्ये फ्लॉकहार्ट आणि ब्यूब ३२७ फेऱ्या, ४,३९७ किलोमीटर अंतर, ताशी १८३ किलोमीटरच्या सरासरीने पहिले आले. सँडरसन आणि जॉक लॉरेन्स दुसरे. हे अंतर १९६१ पर्यंत कोणाला ओलांडता आलं नाही. त्या वर्षी पहिल्या चारही जागा डी-टाइपच्या होत्या आणि सहावीसुद्धा, सगळ्या खासगी संघांच्या.

यानंतर काय झालं ते प्रतिसादांत बोलू. उतरतीचा काळही तितकाच शिकण्यासारखा आहे.

स्लिपस्ट्रीम

सुंदर लेख. एक्सकेडी ५०१ चा तपशील वाचून छाती भरून आली. पण मूळ मुद्द्यावर मी असहमत आहे, आणि ते सविस्तर सांगतो.

१९५७ च्या विजेत्या गाडीत ३.८ लिटरचं, इंधन इंजेक्शनचं इंजिन होतं. ते एडिंबराच्या गल्लीत बनलेलं नव्हतं, कोव्हेंट्रीहून आलं होतं. गाडीही आधी कारखाना संघाची होती. दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीत ३.४ लिटरचं कार्ब्युरेटरवालं इंजिन होतं. म्हणजे सर्वांत चांगलं यंत्र कुठून आलं हे उघड आहे. जॅग्वारने शर्यती सोडल्या त्या कागदावर. प्रत्यक्षात जॅग्वारमधला लॉफ्टी इंग्लंड यांचा शर्यतविभाग खासगी संघांना, विशेषतः मरेला, मदत करतच राहिला. अशा संघाला 'गल्लीतला खासगी संघ' म्हणून रंगवणं मला पटत नाही. बोधचिन्ह बदललेला कारखाना संघच तो.

डांबरी रस्ता

स्लिपस्ट्रीम, इंजिनाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. कारखान्याची मदत होती आणि ती मोठी होती.

पण त्या वर्षी डी-टाइप फक्त मरेकडे नव्हत्या. तिसरी आली ती फ्रेंच संघाची, चौथी बेल्जियन संघाची, सहावी डंकन हॅमिल्टन आणि मास्टेन ग्रेगरी यांची. यंत्र साधारण एकाच घराण्यातलं. मग पहिल्या दोन जागा एकाच संघाच्या का? हॅमिल्टन १९५३ चा ल माँ विजेता, त्याला जॅग्वारची नस न नस माहीत. तरी निळ्या गाड्या पुढे. पिटमधली शिस्त, चालकांना घालून दिलेला वेग, रात्री कोणाला किती वेळ बसवायचं याचा हिशेब, हे कोव्हेंट्रीहून पेटीत भरून येत नाही. चालकाने ठरलेल्या वेळेपेक्षा जलद फेऱ्या मारलेल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत चालत नाहीत, आणि मरे ते चालू द्यायचा नाही.

कोल्हापुरी पाना

वाचनखूण साठवली. मी गॅरेजवाला माणूस, त्यामुळे मला यंत्राबद्दल विचारायचंय. जॅग्वारची ही एक्सके इंजिनं एवढी टिकायची कशी? आणि डी-टाइपची शेपटीसारखी फिन काय कामाची? माझ्या गॅरेजला पोरं येतात, त्यांना चित्र दाखवलं तर सगळ्यांची नजर आधी त्या फिनवरच जाते.

स्लिपस्ट्रीम

पाना, हे माझ्या आवडीचं म्हणून मीच उत्तर देतो.

एक्सके म्हणजे सहा सिलिंडर एका रांगेत, वर दोन कॅमशाफ्ट. ३.४ लिटरला बोअर ८३ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०६. स्ट्रोक लांब, त्यामुळे कमी आरपीएमला भरपूर ओढ मिळते आणि इंजिनाला सतत किंचाळत ठेवावं लागत नाही. हे इंजिन मुळात रस्त्यावरच्या सलून गाडीसाठी आखलेलं, म्हणून त्यात धातूची कंजुषी नव्हती. डी-टाइपमध्ये ड्राय संप केला, म्हणजे तेल इंजिनाखालच्या परातीत न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवलं. त्याने इंजिनाची उंची कमी झाली, बॉनेट खाली आलं आणि वळणावर तेल एका बाजूला सरकून बेअरिंग कोरडं पडायची भीतीही गेली.

बॉडी माल्कम सेयर यांची. ते विमानउद्योगातून आलेले. मधला भाग मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी न ठेवता पत्र्याचाच ताकदवान डबा. फिन सरळ रेषेतल्या स्थिरतेसाठी. ल माँचा मुलसानचा सरळ रस्ता तेव्हा सुमारे सहा किलोमीटरचा, मधे एकही अडथळा नाही. ताशी २५० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर बाजूचा वारा गाडीला ढकलतो, तेव्हा फिन तिचं शेपूट जागेवर धरते.

एक उणीवही सांगतो. मागचा ॲक्सल लाइव्ह होता, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्याला जोडलेली. खडबडीत, वळणावळणांच्या सर्किटवर त्यामुळे डी-टाइप मार खायची. ल माँ गुळगुळीत आणि सरळ रस्त्यांचं, म्हणून तिथे ती राणी. जॅग्वारने पन्नाशीच्या दशकात पाच वेळा ल माँ जिंकली, पण जागतिक स्पोर्ट्‌सकार अजिंक्यपद एकदाही मिळवलं नाही. कारण हेच.

कोल्हापुरी पाना

ड्राय संपचं एकदम समजलं. डिस्क ब्रेकचंही सांगा की. सहा किलोमीटर सुसाट गेल्यावर शेवटी थांबायचं कसं, हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे.

डांबरी रस्ता

मुलसानच्या टोकाला काटकोनी वळण. तिथे ताशी २५० वरून ६०-७० पर्यंत यायचं, आणि हे ३०० वेळा. ड्रम ब्रेक तापले की विरघळल्यासारखे वागायचे, पेडल आत जायचं आणि गाडी थांबायची नाही. डनलॉपच्या डिस्क उघड्या हवेत, त्यामुळे उष्णता निघून जायची. प्रतिस्पर्धी ब्रेक वाचवण्यासाठी लवकर ॲक्सिलरेटर सोडायचे, जॅग्वारवाले त्यांच्या पुढे जाऊन मग ब्रेक लावायचे. फायदा प्रत्येक फेरीत काही सेकंदांचाच, पण ३०० फेऱ्यांत तो केवढा होतो ते पाहा.

मुग्धा_उत्तरायण

मी एडिंबरात राहते. कामाच्या वाटेवर मर्चिस्टनचा भाग लागतो. मर्चिस्टन म्हणजे लॉगॅरिदमवाल्या जॉन नेपियर यांचं जन्मस्थान, त्यांचा बुरूज आज विद्यापीठाच्या आवारात उभा आहे. एवढ्याशा परिसरातून लॉगॅरिदम आणि ल माँचे विजेते दोन्ही निघाले याचं मला फार अप्रूप वाटतं. म्यूज आजही अरुंदच आहेत. एका वेळी एक गाडी आत नेताना सांभाळावं लागतं. तिथे डी-टाइप वळवणाऱ्या माणसांची मला कमाल वाटते.

वरच्या वादाबद्दल मला एक सांगायचंय. मी स्वतः हिशेबाच्या क्षेत्रात आहे. मरे अकाउंटंट होता हे धाग्यात एका वाक्यात येऊन गेलं, पण माझ्या मते संघाचं मर्म तेच आहे. कारखान्याला दर वर्षी नवी गाडी करायची होती आणि जुनीचे पैसे हवे होते. शिवाय जुनी गाडी चांगल्या हातात जाऊन जिंकत राहिली तर जाहिरात फुकट. मरेने ही गरज ओळखली आणि स्वतःला जॅग्वारचं सर्वांत भरवशाचं गिऱ्हाईक बनवलं. त्यामुळे चांगल्या गाड्या आधी त्याच्याकडे यायच्या. तेव्हा संघ खासगी की कारखान्याचा, या प्रश्नाची दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. संघ खासगीच होता, पण कारखान्याशी नातं जोडणं हाच त्याचा धंदा होता.

स्लिपस्ट्रीम

मुग्धाताई, हे मान्य. 'बोधचिन्ह बदललेला कारखाना' हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण ते बोधचिन्ह मिळवायला मरेला जे करावं लागलं त्याचं मोल तुमच्यामुळे कळलं.

डांबरी रस्ता

मुग्धाताई, तुमच्या मुद्द्यावरूनच उतरतीकडे येतो.

१९५८ पासून जागतिक स्पोर्ट्‌सकार अजिंक्यपदासाठी इंजिनावर तीन लिटरची मर्यादा आली. जॅग्वारकडे तीन लिटरचं शर्यतीचं मूळ इंजिन नव्हतं. त्यांनी ३.४ चा स्ट्रोक १०६ वरून ९२ मिलिमीटरवर आणून तीन लिटरचं रूप काढलं. ज्या लांब स्ट्रोकमुळे हे इंजिन टिकायचं तोच कापला गेला. ताकद मिळवायची तर आरपीएम वाढवायला हवे, आणि त्यासाठी हे इंजिन घडवलेलं नव्हतं. १९५८ च्या ल माँला एकुरी एकॉसच्या दोन्ही डी-टाइपचे पिस्टन गेले आणि शर्यत रंगात येण्याआधीच दोन्ही गाड्या बाद झाल्या. सलग दोन वर्षांचा विजेता संघ पहिल्याच तासात मोकळा.

१९५८ ते १९६२ या पाच वर्षांत ल माँला या संघाची एकही गाडी शेवटच्या रेषेपर्यंत पोचली नाही. टोजेइरो या छोट्या ब्रिटिश कारखान्याची जॅग्वार इंजिनाची गाडी करून पाहिली, जुनी डी-टाइप पुन्हा आणली. १९६१ मध्ये कूपर मोनॅको आणि छोटी ऑस्टिन-हीली स्प्राइट नेली, दोन्हींना अपघात झाले. १९६२ मध्ये टोजेइरोची मागे इंजिन असलेली कूपे आणली, तीही बाद. कल्पना म्हणून ती गाडी काळाच्या पुढे होती. बंद छप्पर आणि चालकाच्या मागे इंजिन, ल माँच्या गाड्या पुढे नेमक्या त्याच वाटेने गेल्या. पण ती पुरती विकसित करायला लागणारा पैसा मरेकडे नव्हता.

मुग्धाताई म्हणाल्या तसं, हा संघ उत्तम गिऱ्हाईक होता. पण विक्रेत्याने तो मालच बनवणं बंद केल्यावर गिऱ्हाईक काय विकत घेणार? गाडी जोपासणं आणि गाडी आखणं ही दोन वेगळी कामं आहेत. विल्की पहिल्यात कोणाला हार जाणारा नव्हता. दुसऱ्यासाठी फेरारीसारखा कारखाना लागतो.

अटकेपार

या सगळ्यात माँझाची शर्यत राहिली की! माझ्यासाठी या संघाची सर्वांत धाडसी गोष्ट तीच आहे.

१९५७ ची ल माँ २२-२३ जूनला झाली. २९ जूनला इटलीत माँझाच्या उंच बँकिंगवर, म्हणजे वळणांवर एका बाजूला उंच उचललेल्या ओव्हल ट्रॅकवर, 'दोन जगांची शर्यत' होती. अमेरिकेतले इंडियानापोलिसचे चालक त्यांच्या खास सिंगल-सीटर घेऊन आले होते. टायर त्या वेगाला टिकणार नाहीत म्हणून युरोपातल्या चालकांच्या संघटनेने बहिष्कार टाकला. एकुरी एकॉस मात्र ल माँ आटोपून आपल्या गाड्या घेऊन तिथे दाखल. दोन आसनी, दिवे लावलेल्या, रस्त्यावरून चालवता येतील अशा डी-टाइप, आणि समोर फक्त ओव्हलसाठी बनवलेली अमेरिकी यंत्रं.

इंडीच्या गाड्यांना दोनच गियर. डी-टाइपला चार. त्यामुळे सुरुवातीला फेअरमनने अशी उडी घेतली की पहिल्या फेरीअखेर डी-टाइप आघाडीवर! पुढे अमेरिकन निघून गेले आणि जिमी ब्रायन जिंकला. पण इंडीच्या गाड्या एकामागून एक मोडत गेल्या आणि तिन्ही डी-टाइप चौथ्या, पाचव्या, सहाव्या आल्या. आठवड्यापूर्वीच २४ तासांची शर्यत जिंकून आलेला संघ होता तो. विल्कीच्या गॅरेजला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

डांबरी रस्ता

अटकेपार, मनापासून धन्यवाद. हे माझ्या लेखात यायलाच हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे, आणि तुम्ही माझ्यापेक्षा छान सांगितलंत.

रानजाई

मी शर्यती पाहत नाही, पण धागा शेवटपर्यंत वाचला. एक शंका : वर जिमी स्टुअर्ट आला आहे, तो प्रसिद्ध जॅकी स्टुअर्टचा कोणी लागतो का? आणि या चालकांचं पुढे काय झालं?

अटकेपार

रानजाई, जिमी हा जॅकीचा थोरला भाऊ. घरचं गॅरेज डंबार्टनजवळ. जिमीच्या अपघातांनंतर घरच्यांना, विशेषतः आईला, दुसऱ्या मुलाने शर्यतीत उतरणं अजिबात नको होतं. तरी १९६३ च्या सुमारास जॅकीने एकुरी एकॉससाठी टोजेइरो आणि कूपर चालवल्या. तिथून तो केन टिरेल या संघमालकाच्या नजरेत आला आणि पुढे १९६९, १९७१, १९७३ असा तीनदा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला स्कॉटिश जिम क्लार्कही एकदा, १९५९ च्या गुडवुडच्या टूरिस्ट ट्रॉफीत, एकुरी एकॉसच्या टोजेइरोवर बसला होता. जोडीदार मास्टेन ग्रेगरी. गाडी भिंतीवर जाणार हे दिसताच ग्रेगरी चालत्या गाडीतून उभा राहून बाहेर उडी मारून वाचला.

बाकीच्यांचं वाचवत नाही. आयव्हर ब्यूब १९५९ मध्ये क्लेरमाँ-फेराँच्या शर्यतीतल्या अपघातानंतर गेला. रॉन फ्लॉकहार्टला उडण्याचंही वेड. सिडनी ते लंडन विक्रमाची तयारी करत असताना एप्रिल १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याचं मस्टँग विमान कोसळलं. दोनदा ल माँ जिंकलेला माणूस, जेमतेम ३८ वर्षांचा. या दोघांची नावं आज फार कोणाला ठाऊक नाहीत आणि मला ते खुपतं.

छोटी चाकं

या संघाचा ट्रान्सपोर्टर कोणालाच आठवला नाही? कॉर्गीच्या खेळण्यातला तो निळा ट्रक माझ्या संग्रहात आहे, त्यामुळेच मला हा संघ माहीत झाला. कॉमरच्या चासीवर फॉल्कर्कच्या वॉल्टर अलेक्झांडर कंपनीने बॉडी बांधलेली. वर दोन गाड्या, आत एक, आणि आतच काम करायची जागा. पैसा जमवायला समर्थकांची संघटनाही मदत करायची. बसगाड्या बांधणाऱ्या कंपनीने केलेलं हे काम इतकं देखणं आहे की तो खुद्द शर्यतीच्या गाड्यांइतका प्रसिद्ध झाला. २०१३ मध्ये लिलावात त्याला १७ लाख पौंडांहून जास्त किंमत आली.

डांबरी रस्ता

आणि त्यातून उतरणाऱ्या गाडीचंही सांगतो. १९५६ ची विजेती एक्सकेडी ५०१ ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेत मॉन्टरेच्या लिलावात २ कोटी १७ लाख ८० हजार डॉलरला गेली. तोवर लिलावात कोणत्याही ब्रिटिश गाडीला एवढी किंमत आली नव्हती. मरेला मात्र हा पैसा कधीच दिसला नाही. साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात करांच्या प्रकरणामुळे त्याला ब्रिटन सोडून कॅनरी बेटांवर जावं लागलं, आणि १९७३ मध्ये तो तिकडेच वारला. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब जुळवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे आलं.

सह्याद्री एक्सप्रेस

छान चर्चा. भारताशी धागा जोडायचा तर जॅग्वार २००८ पासून टाटांकडे आहे, म्हणजे त्या डी-टाइपचं घराणं आता मुंबईच्या उद्योगसमूहाचं. आणि करुण चांडोक २०१२ मध्ये ल माँच्या २४ तासांत धावणारा पहिला भारतीय ठरला तो जेआरएम या ब्रिटिश खासगी संघातूनच. डेव्हिड ब्रॅबम आणि स्कॉटिश पीटर डंब्रेक हे जोडीदार, एकूण सहावा क्रमांक. ती शर्यत मी रात्रभर जागून पाहिली होती.

प्रश्न असा : एकुरी एकॉस पुढे बंदच झाला का? आणि आज असा खासगी संघ ल माँ जिंकू शकतो का?

डांबरी रस्ता

१९७१ मध्ये मूळ संघ थांबला. ऐंशीच्या दशकात ह्यू मॅकेग या स्कॉटिश उद्योजकाने नाव पुन्हा उभं केलं, तोच निळा रंग घेऊन. ग्रुप सी२ या धाकट्या वर्गात ते उतरले, रे मॅलॉक चालक आणि तंत्रज्ञ दोन्ही. १९८६ ची सी२८६ ही गाडी मेट्रो ६आर४ या रॅली गाडीच्या व्ही६ इंजिनावर चालायची. त्या वर्षी त्यांनी सी२ चं संघांचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. म्हणजे जे मरेच्या संघाला तीन लिटरच्या नियमात जमलं नाही, स्वतःची गाडी उभी करणं, ते या दुसऱ्या पिढीने करून दाखवलं. याबद्दल फार कमी लिहिलं जातं, हे माझं दुखणं आहे. पुढे हे नाव जीटी शर्यतींत परतलं, अलीकडे ब्लॅकथॉर्न संघासोबत ॲस्टन मार्टिनवर.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्लिपस्ट्रीम देतील, हायपरकार या ल माँच्या आताच्या सर्वांत वरच्या वर्गाचा त्यांचा अभ्यास माझ्याहून जास्त.

स्लिपस्ट्रीम

जिंकू शकतो, आणि जिंकलाही. २०२४ मध्ये जोटा या केंट परगण्यातल्या ब्रिटिश संघाने विकत घेतलेल्या पोर्शे ९६३ वर बेल्जियममधली स्पाची सहा तासांची शर्यत जिंकली, पोर्शेच्या कारखाना संघाला मागे टाकून. २०२५ ची ल माँ पिवळ्या ८३ क्रमांकाच्या फेरारीने जिंकली, तीही कारखान्याची अधिकृत गाडी नव्हती. कुबिका, ये आणि ब्रिटिश फिल हॅन्सन. यंत्र फेरारीचंच, माणसंही बरीचशी फेरारीच्या गोतावळ्यातली, त्यामुळे आपला वरचा वाद तिथेही जसाच्या तसा लागू पडतो.

जोटाने २०२५ पासून कॅडिलॅकचा कारखाना संघ चालवायला घेतला. मरेला १९५७ नंतर अशी मागणी कोणी घातली असती तर गोष्ट वेगळी झाली असती असं मला वाटतं.

मुग्धा_उत्तरायण

मरेने ती स्वीकारली असती का, याची मला शंका आहे. कॅडिलॅकच्या रंगात धावायचं म्हणजे निळा सोडायचा. निळ्या रंगावर तर संघ उभा होता.

डांबरी रस्ता

मुग्धाताई, याचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण जॉन वायर यांनी साठीच्या दशकात नेमका हाच मार्ग निवडला. ते आधी ॲस्टन मार्टिनमध्ये होते, १९५६ मध्ये एकुरी एकॉसने एका फेरीने हरवलेल्या त्याच संघाचे प्रमुख. पुढे गल्फ या तेलकंपनीच्या फिकट निळ्या-नारिंगी रंगात त्यांनी १९६८ आणि १९६९ मध्ये फोर्ड जीटी४० वर ल माँ जिंकली, दुसऱ्यांदा तर त्याच गाडीवर, आणि मग पोर्शेचा संघ चालवायला घेतला. त्यांच्यावर स्वतंत्र धागा काढतो. अटकेपार, १९६९ च्या शेवटच्या फेरीचं तुम्ही लिहाल का?

अटकेपार

लिहितो. त्या फेरीत झुंजलेल्या इक्स आणि हेरमान या दोन चालकांसाठी जागा राखून ठेवा.